वजा आलं कुठून
गणिताची सूत्रं पडद्यावर नीट उमटावीत म्हणून मी प्रोग्रॅम लिहितो. हंगेरीतल्या सेगेडच्या बोदनार सरांच्या जुन्या हस्तलिखितातलं एक सूत्र त्यात घातलं, तर सर खवळले.

“अरे, इथे वजा हवं. तुझं यंत्र अधिक दाखवतंय. माझं पुस्तक बघ.”

पुस्तकात वजाच होतं. आठवडाभर मी प्रोग्रॅम उसवत बसलो, डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी हस्तलिखित पुन्हा काढलं. त्यात सरांच्याच अक्षरात ठसठशीत अधिक होतं. मग पुस्तकात वजा आलं कुठून?

त्या काळी पुस्तक टाइपरायटरवर व्हायचं आणि सूत्रांची जागा कोरी सोडायचे. सरांची पुस्तकं टाइप करणाऱ्या एतेल्कामावशी ती सूत्रं हाताने, शाईने भरायच्या. सर आणि मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोगाच्यांची, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांची, बशी पुढे सरकवली आणि पान पाहिलं.

“अधिक ठेवलं तर उत्तर जमत नव्हतं, म्हणून मी वजा केलं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगायला कोण धजणार? तेव्हाही असेच खेकसायचात.”

सरांचा घास हातातच राहिला. “आणखी कुठे केलंत असं?”

मावशींनी चष्मा पुसला. “कोणत्या पुस्तकात म्हणताय?”