शनीला आरशातून पाहिलं तर चालतं

मी दुर्बीण बोलतेय. हसू नका! बुटकी आहे, पोट सुटलेलं आहे, पाय तर मुळातच नाहीत. तरी मी दुर्बीणच आहे, आणि सध्या इतकी खुशीत आहे की बोलता बोलता गडगडायचीसुद्धा!

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यातला. पोटाच्या तळाशी बशीएवढा गोल आरसा बसवला, डोळा लावायची नळी कुशीत खोचली आणि मला नाशिकच्या एका दुकानात धाडलं. तिथे माझ्या शेजारी एक लांबसडक, तीन पायांची, काचेची दुर्बीण उभी असे. तिच्या खोक्यावर शनीचं रंगीत चित्र, वर 'पाचशे पट मोठं!' जो तो तिच्यावर भाळायचा. मी आपली फळीवर धूळ खात बसलेली.

मग एक दिवस शीलाबाई आल्या. तळोद्याच्या शाळेत त्या भूगोल शिकवतात. इतकी वर्षं फळ्यावर खडूने शनी काढला, त्याला कडं काढलं, पण खरा शनी एकदाही पाहिला नव्हता. आता तो डोळ्यांनी पाहायचाच, एवढाच ध्यास. खिसा मात्र बेताचा. सोबत त्यांचे यजमान हेमराजभाऊ.

"हाईच ले," भाऊ लांबडीकडे पाहून अहिराणीत म्हणाले. "लांब शे, पाय शेतस, चित्र बी शे. ती बुटकी ते पाणीना हंडा शे!"

हंडा? मला? पण शीलाबाईंनी लांबडीला हलकेच टिचकी मारली. ती बया थरथरायला लागली ती थांबेचना! मग मला मारली. मी ढिम्म.

"पाचशे पट थरथर लीसन काय करू?" बाई म्हणाल्या. "आरसा मोठा शे ना हिन्हा. उजेड जास्त येई."

अशी मी बसमध्ये बाईंच्या मांडीवर बसून तळोद्याजवळच्या त्यांच्या गावी आले. पण घरात पाऊल पडतं न पडतं तोच सासूबाई आडव्या आल्या. त्यांचं नाव कौसाबाई.

"यामा काय दिखस?"

"शनी," शीलाबाई आनंदाने म्हणाल्या. झालं!

कौसाबाई दर शनिवारी शनीच्या देवळात जातात, पण समोर कधी उभ्या राहत नाहीत. बाजूने तेल वाहायचं, मान खाली घालायची, परत फिरायचं. आणि सून म्हणते, पाहते!

"शनीना डोयामा डोया घालशी? घरमा साडेसाती आनशी? सकाय हाई परत दी ये!"

माझ्या आरशात धस्स झालं. पुन्हा ती फळी, पुन्हा ती धूळ!

"आजना दिन पाहू द्या, आत्याबाई," शीलाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "सकाय दी येसू."

दिवेलागणीला मला गच्चीवर नेलं आणि स्टुलावर ठेवलं. बाजूला मिरच्या वाळत घातलेल्या. शनी सापडला रे सापडला, की हेमराजभाऊंना ठसका लागायचा, स्टूल हलायचं आणि शनी पसार! तीनदा असं झालं. मी तर हसू दाबून दाबून थकले. शेवटी भाऊंना खाली पिटाळलं. तेवढ्यात कौसाबाई तावातावाने वर आल्या आणि थबकल्या. सुनेचं तोंड पाण्याच्या टाकीकडे!

"शनी कोठे शे?"

"तो काय, डावीकडे."

"मंग तू टाकीकडे काय पाही ऱ्हायनी?"

"मी आरसामा पाही ऱ्हायनी, आत्याबाई. आरसा खाले शे, डोया बाजूले."

कौसाबाई विचारात पडल्या. बाजूने. मान खाली. देवळातल्यासारखंच की!

"आरसामा चालस," त्यांनी निकाल दिला. "नजर लागी ते आरसाले लागी."

म्हणजे साडेसाती माझ्या वाट्याला! लागू द्या हो, खुशाल लागू द्या!

त्यांनी पदर सावरून डोळा लावला. आणि एकदम टाळीच वाजवली.

"अय माय! हाऊ ते उघडा पोऱ्या शे, कंबरमा करदोडा! याले भ्यायनूत आपन?"

सासू-सुना गच्चीवर पोट धरून हसल्या. मग शीलाबाईंनी डोळा लावला आणि हसता हसता रडल्या. इतकी वर्षं झिजवलेल्या खडूचं त्या दिवशी पारणं फिटलं. मला परत न्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण खरी गंमत शनिवारी दिवेलागणीला झाली. शीलाबाई मला शनीवर रोखत होत्या, तोच कौसाबाई देवळात न जाता तेलाची वाटी घेऊन थेट गच्चीवर! बाजूने आल्या, मान खाली घातली, वाटी माझ्या तोंडाशी तिरपी केली. मी मनात किंचाळले, बाई, आरशावर तेल नको!

"आत्याबाई!" शीलाबाईंनी मला मिठीच मारली. "तेल पडनं ते आरसा आंधया हुई!"

कौसाबाई वाटीकडे बघत राहिल्या. वाहायला आणलेलं तेल परत कसं न्यायचं? मग त्यांनी सुनेचा खांदा दाबून तिला माझ्याजवळ बसवलं.

"तू पाह्य तुन्हा पोऱ्या," असं म्हणत त्यांनी सगळी वाटी तिच्या डोक्यावर रिती केली आणि खसाखसा चोळायला लागल्या.

तेव्हापासून दर शनिवारी हेच चाललंय. चोळताना सुनेचं डोकं हलतं, मी हलते, करदोडा घातलेलं पोर माझ्या आरशात नाचत राहतं. आता तोरणमाळला काळ्याभोर आकाशाखाली जायचं ठरतंय, तेलाच्या वाटीसकट. तुम्हीही कधी आमच्या गच्चीवर या. मला हंडा म्हटलंत तरी चालेल, फक्त मिरच्यांपासून लांब उभे राहा. आणि शनिवारी आलात तर केस मोकळे सोडूनच या, कौसाबाई कुणालाच सोडत नाहीत.