सात नावांचं कुलूप

दीर कुरणावर घोडे बघायला गेला तशी नुरझात संगणकासमोर बसली आणि पडद्यावर चिकटवलेला पासवर्डाचा कागद तिने टरकावला.

नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गालिच्यांचं ऑनलाइन दुकान तिचं होतं. नक्षी तिची, फोटो तिचे, गिऱ्हाइकंही तिनेच जोडलेली. पण तोच कागद वाचून तिचा थोरला दीर तुरदुबेक याने दुकानावर स्वतःचं नाव आणि मिशाळ फोटो चढवला होता. विचारलं तर म्हणे, "घर कुणाचं?"

हे तरी तिने गिळलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांसमोर तिच्या तोंडून दिवंगत सासऱ्यांचं नाव निसटलं. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, हे त्यांच्या कोचकोर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुरदुबेकने मात्र भर बैठकीत तिला वाकून माफी मागायला लावली. "सात पिढ्यांत अशी सून झाली नाही!" तेव्हापासून नुरझातने डूख धरला होता.

विकतचं सॉफ्टवेअर त्या खटारा संगणकाला झेपेना म्हणून तिनेच त्यावर लिनक्स घातलं होतं. आता तिने पासवर्ड मॅनेजर शोधला आणि 'इन्स्टॉल' दाबलं. फुकटचा होता, आणि त्याची घडण कुणालाही उघडून बघता येण्यासारखी. त्याने एकच मुख्य पासवर्ड मागितला आणि बजावलं, हा विसरलात तर आत कुणालाही जाता येणार नाही.

"कुणालाही नको," ती पुटपुटली आणि सावकाश, लांबलचक काहीतरी टंकत राहिली. मग दुकानाचे, मेलचे सगळे पासवर्ड बदलून तिने त्या तिजोरीत टाकले. मिशाळ फोटो काढला तेव्हा तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे भाऊ आले. तुरदुबेक त्यांना ऐटीत 'आपलं' दुकान दाखवायला बसला.

"नुरझात! ही काय भानगड? हे उघडत का नाही?"

"कुलूप लावलंय, भावजी."

"मग पासवर्ड सांग!"

"माझ्या तोंडून कसा निघेल? तुमच्या सात पूर्वजांची नावं आहेत, वडिलांपासून वर, ओळीने. तुम्हीच टंका."

मामा खदखदून हसले. "एवढंच ना? सात बापांची नावं न येणाऱ्याला आपल्यात पोरगी कोण देतं! टंक रे."

तुरदुबेकने वडील टंकले, आजोबा टंकले, पणजोबाही टंकले. मग तो छताकडे बघू लागला. तिथून आईकडे.

"माझ्याकडे काय बघतोस?" सासूबाई म्हणाल्या. "मीही या घरची सूनच की."

मामांचं हसू थांबलं. "अरे, बाप जेवणानंतर ही नावं रोज म्हणायचा ना? तू होतास कुठे?"

तो घोड्यांकडे पळालेला असायचा. चहा ओतायला नुरझात असायची. तिने त्याला खुणेनेच बाजूला सरकवलं आणि एकही नाव न उच्चारता सातही टंकली. दुकान उघडलं. वर तिचा फोटो होता, खाली तिचं नाव.

"जिभेला बंदी आहे, भावजी. बोटांबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात. आणि आता पाठ करायला बसू नका, पासवर्ड मी आजच बदलणार आहे."

मामांची चहाची वाटी रिकामी होती. एरवी नुरझात कधीच ओतायला उठली असती.

"मामांचा चहा संपलाय," ती खुर्चीतूनच म्हणाली. "भावजी, वाकून ओता."

मामांनी वाटी पुढे केली, ती तुरदुबेककडे.