जोसायाची बायको

"एवढ्या लांबून येणाऱ्या बाईला कोरा दगड दाखवायचा?" नोवेलाचा भाऊ हर्शेल ट्रकमध्ये बसूनच कुरकुरला. गुडघ्यांमुळे त्याला टेकडी चढवत नव्हती.

"दगड कसला? आपली आई आहे ती. जरा लांबची, एवढंच," नोवेला म्हणाली.

नोवेला स्टॅलर्डने केंटकीच्या या डोंगरांत जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तिने घराण्याची मुळं शोधायला घेतली. घाट ओलांडून इथे पहिली झोपडी बांधणारा जोसाया सहज सापडला; त्याने मारलेल्या अस्वलांच्या गोष्टीसुद्धा लोकांना पाठ होत्या. त्याच्या मुलांना जन्म देणारी मात्र जिथेतिथे नुसती 'जोसायाची बायको'; टेकडीवरच्या तिच्या थडग्याचा दगडसुद्धा कोरा. नोवेलाला मूलबाळ नव्हतं, हर्शेलने लग्नच केलं नव्हतं. आपल्यामागे हिला कोण शोधणार, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा.

मिसूरीहून आलेली पाहुणी गाडीतून उतरली. जोसायाचा एक मुलगा तिकडे पश्चिमेला गेला होता, त्याच्या वंशातली. फोनवर ती नुसती 'मिसेस गार्वी' होती.

"मिसेस वगैरे नको हो, नोवेलाबाई. टॅमसिन म्हणा."

"टॅमसिन? हे नाव इकडे कधी ऐकलं नाही."

"आमच्याकडे थोरल्या मुलीचं हेच नाव. मला मुळीच आवडायचं नाही. शाळेत पोरं चिडवायची. पण आजी दटावायची, 'डोंगरापलीकडे राहिलेल्या आईचं नाव आहे, टाकायचं नाही.'"

पाहुणीसाठी आणलेली मक्याच्या ब्रेडची पुरचुंडी नोवेलाच्या हातात तशीच राहिली.

"कोणाची आई गं?"

"आमच्यातला जो पहिला मिसूरीला गेला ना, त्याची. निघाला तो परत कधी आलाच नाही म्हणे. पहिली मुलगी झाली, तिला आपल्या आईचं नाव ठेवलं."

हर्शेलने घसा खाकरला. "याला पुरावा नाही म्हणत, नोवेला."

"माहितेय."

"दगडावर कोरायचं म्हणजे..." तो अडखळला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोरून घेऊ. माझ्या जबाबदारीवर."

दोघी टेकडी चढल्या. त्या कोऱ्या दगडावरचं शेवाळ पाहुणीने हळूच तळव्याने पुसलं आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. नोवेलाने तिला एकटीला बसू दिलं.

ऊन कलल्यावर नोवेला उतरणीला लागली आणि वाटेत थांबली.

"टॅमसिन!" तिने हाक मारली.

"आले!" वरून उत्तर आलं.

नोवेलाने ते ऐकलं होतं. तरी तिने त्या दगडाच्या दिशेने आणखी एकदा हाक मारली, जरा मोठ्याने.