सोललेला बंगला

मित्रांनो, मी एक जुना बंगला हाय, अन् अजून जुना दिसावा म्हणून मला सोललंय. व्हय, सोललंय. बोकड सोलतात तसं.

वाळूजच्या अलीकडं खाम नदीच्या काठावर मी उभा हाय. नदी म्हणतात म्हणून म्हणायचं. आता सगळ्या शहराचं सांडपाणी माझ्या पायाशी वास मारत जातं, अन् तुम्ही पुलावरून नाक दाबून मलाच नावं ठेवता. निजामाच्या काळात एका तालुकदारानं मला हवा खायला बांधलं. तवा हे पाणी लोक ओंजळीनं प्यायचे. चुन्यात गूळ अन् बेलफळाचं पाणी घालून, बैलानं फिरवायच्या घाण्यात मळून माझा गिलावा केला होता. आलेला पाव्हणा आधी भिंतीवरून हात फिरवायचा, मग बसायचा.

तालुकदार हैदराबादला गेला, तो आलाच नाय. पुढं मला तात्यासाहेब नावाच्या एकानं विकत घेतलं अन् वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या. एक पोरगं नाईट शिफ्ट करून आलं की दुसरं त्याच खाटेवरून उठून बस पकडायला पळायचं. माझ्या अंगात खिळे ठोकले, शर्ट वाळवले, भांडले, हसले. मला लई बरं वाटायचं. मग त्यांनी शहरात फ्लॅट घेतले. एकानंबी मागं वळून बघितलं नाय. राहिला फक्त वॉचमन फारूख अन् त्याची बायको महेजबीन, नदीकडच्या खोलीत.

मागच्या उन्हाळ्यात मला सर्जेराव नावाच्या नव्या मालकानं विकत घेतलं. म्हणे, बंगल्याचा उद्धार करायचा, पोरीचा साखरपुडा इथंच करायचा. उस्मानपुऱ्यातून ऋतुराज नावाचा डेकोरेशनवाला आणला. त्यानं मोबाइलवर उघड्या विटांच्या भिंती दाखवल्या. लोकांना आजकाल असंच जुनं लागतं म्हणाला. अन् नदीकडच्या भिंतीचा सगळा धडधाकट गिलावा छिन्नीनं उडवला. खालच्या विटा बिचाऱ्या कच्च्या, त्यांनी कधी ऊन बघितलं नव्हतं. वर चकचकीत वॉर्निश मारलं. फारूख म्हणाला, आमची खोली तरी सोडा. सर्जेराव हसले.

पाऊस आला. वरून पाणी आत शिरलं, अन् वॉर्निशमुळं बाहेर निघायला वाट नाय. विटांचा भुगा व्हायला लागला. भिंतीला पोट सुटलं. महेजबीनचा मसाल्याच्या डब्यांचा फळका एका सकाळी धाडकन खाली आला. सर्जेरावांनी येऊन बघितलं अन् ऋतुराजला सांगितलं, झेंडूचा पडदा सोडा, दिसणार नाय. स्टेज त्याच भिंतीखाली टाका.

मित्रांनो, खरं सांगतो. मला वाटलं, पडावं. फेट्यांसकट घ्यावं सगळ्यांना खाली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सर्जेरावांसंगं त्यांची पोरगी तनुजा स्टेज बघायला आली; ऋतुराजबी तिथंच होता. महेजबीननं तिचा हात धरला अन् पडद्यामागं नेला.

"बेटा, हात लावून बघ. कल तेरी सास यहीं बैठेगी."

तनुजानं तळहात टेकवला. ओला भुगा हाताला लागला. ती बाहेर आली. एक खुर्ची उचलली, भिंतीला चिकटवून ठेवली.

"पप्पा, बसा इथं."

"कशाला?"

"मी चहा आणते. होईपर्यंत बसा. टेकून बसा."

"तनू, पाव्हण्यांना सांगून झालंय. लोकं काय म्हणतील?"

"मग बसा ना."

सर्जेरावांनी खुर्चीकडं बघितलं. मग वर, माझ्याकडं. घेतल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं. ऋतुराज मोबाइलमधून मान काढंना. सर्जेरावांनी खुर्ची उचलली, अंगणात पार लांब नेऊन ठेवली अन् तिथंबी उभेच राहिले.

साखरपुडा शहरातल्या हॉलवर झाला. मला लाकडी बल्ल्यांचे टेकू लागले. फारूख-महेजबीन पुढच्या खोलीत आले. वॉर्निश खरवडायचं चालू हाय, हौदात चुना भिजतोय. पण माझा राग गेला नाय. जो गिलावा उडवला, तो काय परत येत नाय.

तवा मित्रांनो, जुन्या घरावर प्रेम हाय म्हणून माझ्यापुढं फोटो काढू नका. मला सजवायच्या आधी भिंतीला पाठ टेकून बसा. तुम्हाला बसवत नसंल, तर दुसऱ्याला बसवू नका.