कोनाड्यातलं वायूचं औषध

मी औषधाची बाटली बोलतेय. माझ्या अंगावर कागदाची पट्टी आहे, डोसाच्या खुणा कातरलेली. आणि माझा माणसांवर काडीचाही भरवसा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आधी माझ्यात खोकल्याचं औषध होतं. ते संपल्यावर शिंगणापूरच्या सूर्यभान आबांनी मला जपून ठेवलं, कारण दवाखान्यातून पातळ औषध आणायचं तर बाटली आपली न्यावी लागे. बहात्तरच्या दुष्काळात आबांच्या छातीत कळ येऊ लागली. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, मिलोच्या भाकरीनं सगळ्या गावाचंच पोट बिघडलेलं, तेव्हा हाही वायूच, असं घरानं ठरवून टाकलं.

घोडेगावच्या दवाखान्यात कंपाउंडर मोहियोद्दीनचाचांनी माझ्यात सोड्याचं, पुदिन्याच्या वासाचं औषध भरलं आणि बजावलं, "दिवसाला दोन खुणा. जादा घ्याल तर सोड्यानं अंगात पाणी साठतं, पाय सुजतात. अन् आठ दिवसांत उतार पडला नाही तर नुसती बाटली नका पाठवू, तुम्ही स्वतः या."

आबांनी मान डोलावली. लगेच मान डोलावणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो.

मला कोनाड्यात ठेवलं. मुलगा बन्सी आणि सून गोजर सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आबांची बायको राहीबाई टँकरच्या रांगेत उभी राही. घर मोकळं झालं की आबा मला थेट तोंडाला लावत. मोठा ढेकर आला की म्हणत, "हां, सुटला वायू." पण दुसऱ्या हातानं ते डावा खांदा दाबत असत. वायू खांद्यात कधीपासून शिरायला लागला? मला तेव्हाच शंका आली होती. पण मला विचारतो कोण!

आठ दिवस झाले. मोहियोद्दीनचाचांकडे आबा गेलेच नाहीत, बन्सीच्या पिशवीतून मीच गेले. "आबा कुठायत?" चाचांनी विचारलं. "बरं हाय त्यांचं," बन्सी म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं. चाचांनी मला पुन्हा भरून दिलं.

माझ्यातलं औषध खुणांपेक्षा भराभर उतरतंय, हे राहीबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं सरळ सुनेवर बोट ठेवलं.

"कोन पितंय गं हे? शनिदेवाच्या गावात, बिनदाराच्या घरात चोरी?"

"मी हात बी लावला न्हाई, आत्या."

"मंग शनवारी देवाम्होरं शपथ घे."

"घेते!" गोजर म्हणाली. ज्या गावात घराला दार नाही तिथं चोर ठरलेल्या बाईनं तोंड कुठं लपवायचं? आबा हे सगळं ऐकत होते, भर उन्हाळ्यात पायांवर घोंगडी ओढून. मला त्यांचा असा राग आला!

शनिवारी गोजर अंघोळ करून निघाली. तिला अडवायला आबा घाईनं उठले, पण पायताणात पाऊल जाईना.

"थांब पोरी. औषध म्याच पीत हुतो."

ते मटकन खाली बसले. गोजरनं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, तर तिथं खळगा पडला तो भरेचना.

"आबा, ह्यो वायू न्हाई. का सांगितलं न्हाई तुमी?"

"नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आसतं. माझा भाऊ तसाच गेल्ता, परत आला न्हाई."

त्याच दिवशी त्यांना नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं हृदयाचं होतं, त्यावर एवढा सोडा म्हणजे आगीत तेल. पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं.

आबाही परत आले नाहीत.

दहाव्यानंतर राहीबाई सुनेजवळ बसली. "तुला चोर म्हन्ले गं मी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. गोजरनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता मी रिकामीच आहे. शेजारच्या बायडाबाईनं परवा वायूसाठी मला मागितलं, तर गोजरनं दिलं नाही. म्हणाली, "कवाधरनं दुखतंय? चल, मी येते संगं दवाखान्यात."

तुम्हीही माझा संशय घ्या, एवढंच मागणं. ढेकर आला म्हणजे दुखणं गेलं असं धरून चालू नका. त्या बिनदाराच्या घरात खरंच चोरी झाली होती. आबांचे ते पंधरा दिवस मी नेले.