केरूच्या मिनिडोरचे पेण-दर्शन

मी एक जुनी मिनिडोर आहे. मिनिडोर म्हणजे तीन चाकांची, सहा माणसांची रिक्षा. सहा हा आकडा सरकारने ठरवलेला आहे. पेण आणि रोह्याच्या लोकांनी त्याकडे कधी फारसे लक्ष दिले नाही. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी कहाणी शांतपणे सांगणार आहे. माझा आवाज मुळातच फाटका आहे, त्यामुळे मी चिडले आहे असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. ते खरेच आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला पेणच्या केरूने आणले. त्याच्या बायकोने, सगुणाने, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावले आणि पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. नारळाचे पाणी नको तिथे उडाले आणि मी पहिल्याच दिवशी बंद पडले. जमलेले लोक म्हणाले, "शकुन चांगला हाय."

पुढची कित्येक वर्षे मी पेण, वडखळ, गडब, कासू अशी धावले. शाळेची मुले नेली, मासळीच्या पाट्या नेल्या, एका नवरीची ट्रंक नेली आणि चुकून तिचा नवरा नाक्यावर सोडला. भाद्रपदात तर माझ्या बाकांवर देव बसत. एकदा चार गणपती आणि एक शेळी असा प्रवास झाला. कोणाचीच तक्रार आली नाही. लोक म्हणत, "केरूच्या गाडीत बसलं की पोचतोच मानूस." याहून मोठी शाबासकी गाडीला मिळत नाही.

मग घरोघरी मोटारसायकली आल्या. नव्या रिक्षा आल्या, त्यांचा आवाजही येईना. मी वडखळच्या नाक्यावर रिकामी उभी राहू लागले. तिथे दिवसभर एकच देखावा. मुंबईची गाडी येते, काच खाली होते, आतून "अलिबाग?" असा प्रश्न येतो, आणि गाडी वळते. पेण हे त्यांच्या लेखी गाव नव्हतेच. अलिबागच्या वळणाआधीची ती नुसती गर्दी होती. या गोष्टीचा मला संताप येई. पण तीन चाकांवर संतापून कुठवर जाणार?

एके दिवशी हिरामण भंगारवाला आला. त्याने माझ्या पत्र्यावर टकटक केले, कलिंगड घेताना करतात तसे, आणि मान डोलावली. मी समजले ते समजले.

त्याच आठवड्यात केरूला डोंबिवलीहून फोन आला. कमळाकर नावाचे हे गृहस्थ पूर्वी दरवर्षी गणपतीची मूर्ती न्यायला पेणला येत आणि मूर्ती मांडीवर घेऊन माझ्यातून स्टेशनला जात. ते म्हणाले, "केरूभाऊ, शनिवार-रविवार आम्ही नवराबायको येतो. अलिबाग नको, किनारा नको, किल्ला नको. तुमच्याकडची माणसं काय काम करतात, कशी राहतात, ते दाखवा. आवडलं तर आमच्या सोसायटीतली मंडळी दर आठवड्याला पाठवीन."

केरूने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "ह्ये जमलं तर हिला ठेवतो," तो सगुणाला म्हणाला. "नायतर सोमवारी हिरामनला देऊन टाकतो."

तेव्हा मित्रांनो, या सहलीच्या आखणीत मी किती जीव ओतून लक्ष घातले असेल, हे तुमच्या लक्षात येईल.

आखणी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर झाली. तिथे दाजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ बसत. गावातल्या कुठल्याही कामात त्यांचा सल्ला घ्यावाच लागे, कारण तो न विचारता मिळे.

"पेनला बगायला काय हाय?" दाजी म्हणाले.

"त्येच इचारतोय ना मी," केरू म्हणाला.

"अलिबागला ने."

"अलिबाग नको म्हंतात."

"मंग मुरूडला ने."

"दाजी, पेन-रोहा दाखवायचंय!"

दाजींनी बशीतला चहा संपवला. "नवा पूल दाखव. रातचे दिवे काय झ्याक दिसतात."

"डोंबिवलीला पूल नसतील काय?"

"त्ये त्यांचे. ह्यो आपला हाय."

माझ्या मागच्या बाकावर सगुणा वालाच्या शेंगा निवडत बसली होती. ती तिथूनच ओरडली, "काळुरामदादाचा मूर्तीचा कारखाना, माज्या म्हायेरची मिठागरं, आनि रोह्याला जगनभावजींची पोह्याची गिरन. झाली सहल! उटा आता."

मला आनंदाने हॉर्न वाजवावासा वाटला. तो वाजत नसे, म्हणून राहिले. पण पुढच्याच क्षणी केरूने घात केला. त्याने तिन्ही ठिकाणी फोन करून सांगितले, "पावने येनार हायत."

हे तीन शब्द आमच्या भागात उच्चारले की काय होते, ते मला ठाऊक होते. कारण संध्याकाळपर्यंत मी स्वतःच हिरवीगार रंगवली गेले होते आणि माझ्या बाकांवर सोनेरी फुलांची खोळ चढली होती.

शनिवारी पाहुणे आले. आम्ही आधी काळुरामच्या कारखान्यात गेलो. दाराला तोरण होते. मी दारासमोर उभी होते, मला आतले सगळे दिसत होते. म्हणजे दिसण्यासारखे काहीच नव्हते. सारवलेली जमीन, फिनेलचा वास, मांडलेल्या खुर्च्या आणि मधोमध इस्त्रीच्या सदऱ्यातला काळुराम.

"मूर्ती कुठे आहेत?" कमळाकरांनी विचारले.

"सगळ्या मागं कोंडल्या सायेब. पसारा दिसत व्हता."

"आणि कारागीर?"

"सुट्टी दिली. कोपरापात्तर रंगानं बरबटलेली मानसं, बरं दिसतं काय तुमच्यासमोर? बसा, थंडा घ्या."

भिंतीवर एक कॅलेंडर होते, त्यावर गणपती छापलेला होता. कमळाकरांच्या पत्नीने त्याचाच फोटो काढला.

दुपारी आम्ही धरमतरच्या खाडीकडे, सगुणाच्या माहेरी गेलो. एरवी तिथे या दिवसांत माणसे उघड्या अंगाने मीठ ओढत असतात आणि बांधावर पांढऱ्या राशी लागलेल्या असतात. त्या दिवशी सगुणाच्या भावाने, कान्हूने, काम बंद ठेवले होते. राशी सकाळीच उचलून नेल्या होत्या, कारण मांडवाला जागा हवी होती. मांडवात मिठागरातली सगळी माणसे न्हाऊन-माखून, नवे कपडे घालून पाहुण्यांकडे बघत बसली होती. पाहुणे त्यांच्याकडे बघत बसले.

"जरा मीठ ओढताना पाहायचं होतं," कमळाकर म्हणाले.

कान्हूने कानाला हात लावला. "छ्या, छ्या! पावन्यांसमोर काम काडलं तर तुमीच म्हनाल, यांना पावन्याची किंमत नाय. अगो, वैनीला वाड अजून, लाजते ती," तो वाढणाऱ्या बायकोला म्हणाला.

खाडीतल्या जिताडा माशाचे कालवण उत्तम होते, असे सगळे म्हणाले. माझ्यात चढताना कमळाकर बायकोला हळूच म्हणाले, "जिताडा अलिबागलाही मिळतो." माझ्या टाकीतले डिझेल गोठायचे तेवढे बाकी राहिले.

रविवारी रोह्याला जगनच्या गिरणीत भट्टी थंड होती. धूळ उडते म्हणून यंत्र पुसून बंद केले होते आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. एखाद्या थोर यंत्राच्या निधनानंतर असते तशी शांतता होती. जगनने पाहुण्यांना बाजारातून आणलेली खारी दिली आणि निरोप देताना वर सांगितले, "वेळ असंल तर अलिबागला जाऊन या. बगन्यासारखं हाय."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. नागोठणे मागे पडल्यावर कमळाकर म्हणाले, "केरूभाऊ, त्या सोसायटीचं बघू नंतर."

'बघू नंतर' याचा अर्थ डोंबिवलीत आणि पेणमध्ये एकच आहे. केरूची मान खाली गेली. माझ्या कानांत हिरामणची टकटक घुमली. आणि कासूच्या अलीकडे माझी ॲक्सिलेटरची वायर तुटली. ती मी मुद्दाम तोडली असे केरू नंतर सांगत असे. मित्रांनो, तेवढी ताकद माझ्यात असती तर मी ती काळुरामच्या दारात वापरली असती.

रस्त्याकडेच्या शेतात एक म्हातारी, धोंडुबाई, आणि तिचा नवरा पोपटी लावत होते. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून मडके उपडे ठेवायचे आणि वरून पेंढा पेटवायचा. केरू वायर मागायला गेला, त्याच्यामागून पाहुणे आले. धोंडुबाईने वर पाहिले. तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, नाकावर काजळी.

"अगो बाय! पावने? आदी सांगायचं नाय काय रं मेल्या?"

"गाडी आत्ताच बंद पडली काकी. सांगू कवा?"

"थांब, घरी जाऊन लुगडं तरी बदलून येते."

"कुटं जातेस?" तिचा नवरा ओरडला. "पोपटी जळंल! धर ती काठी."

धोंडुबाई आगीकडे बघे, मग घराकडे बघे. शेवटी तिने काठी कमळाकरांच्या पत्नीच्या हातात दिली. "वैनी, जरा मडकं पाडा हो, माजे डोळे धुरानं गेले."

वैनींनी मडके पाडले. शेंगांचा वास रस्त्यापर्यंत आला. बसायला काही नव्हते, म्हणून सगळे बांधावर बसले. कोणाचेही हात काळे व्हायचे राहिले नाहीत. धोंडुबाई म्हणाली, "माजी सून म्हंते, म्हातारीच्या पोपटीत मीट कमी. खरं सांगा, कमी हाय?"

"थोडं कमी आहे," वैनी म्हणाल्या.

"मंग तिला सांगू नका," धोंडुबाई म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

वायर बांधून केरूने त्यांना कासू स्टेशनवर सोडले. कमळाकरांनी काळ्या हाताने माझ्या हिरव्या टपावर थाप मारली. "केरूभाऊ, पुढच्या शनिवारी बारा जण आणतो. हेच दाखवा. याच गाडीतून!"

मी जिंकले होते. घरापर्यंत केरू गात होता आणि मी त्याला खडखडाटाची साथ देत होते. दारात सगुणाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बारा पावने येनार, आनि ही वाटंत बंद पडनारी गाडी नेनार? लाज नाय वाटत?"

केरूला लाज वाटली. सोमवारी सकाळी मला हिरामणच्या भंगारात सोडून त्याने एसीची व्हॅन ठरवली. सहल फसली असती, तरी मी इथेच आले असते. ती जमली, म्हणूनही मी इथेच आले.

शनिवारी ती व्हॅन या रस्त्याने गेली, थांबली आणि मागे आली. कमळाकरांनी मला हिरव्या रंगावरून ओळखले होते. बाराच्या बारा माणसे खाली उतरली. कोणी माझ्या बाकावर बसले. गंजके स्टोव्ह, मोडक्या सायकली आणि नुसत्या बनियनमध्ये तोलकाटा धरून उभा असलेला हिरामण हे सगळे त्यांनी तासभर पाहिले. त्याला कोणी कळवलेच नव्हते. निघताना कमळाकर म्हणाले, "पेणमधलं हे सगळ्यात आवडलं आम्हाला. पुढच्या शनिवारी दुसरी मंडळी येतील, त्यांना आधी इथेच आणतो."

"इथं?" हिरामण म्हणाला. "पावने?"

तेव्हापासून तो झोपलेला नाही. चुन्याच्या गोण्या आल्या आहेत. स्टोव्ह मागच्या खड्ड्यात गेले. दर्शनी जागा मोकळी हवी, आणि दर्शनी जागेत मी आहे. पत्रा कापणाऱ्याला त्याने शुक्रवारी बोलावले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्यावर प्रेम करा, असे मी तुम्हाला सांगणार होते. पण पेणची माणसे प्रेमात कमी पडत नाहीत, हे मी माझ्या पत्र्यावर अनुभवते आहे. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. पेणला जरूर या. आधी कळवू नका. आणि जमले तर गुरुवारी या.