पुढचं बाक

नॉयफेल्ट गावच्या चर्चमध्ये पियानो नाही, आणि कुणी आणू म्हणालंच तर थोरले धर्मगुरू बर्नहार्ड टेव्ज त्याच्याकडे असे बघतील, की तो बिचारा पुन्हा विषय काढणार नाही. गाणी पुस्तकात आहेत, पण त्यांच्या लांबलचक चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या राहतात गायकांच्या डोक्यात. गायक समोर, लोकांकडे तोंड करून बसतात. पहिली ओळ त्यांनी उचलायची, मग सगळ्यांनी. बाईमाणसानं गाणं उचलायचं नाही, हे तर कुणाला सांगावंही लागत नाही.

डीडरिक हार्डर त्या गायकांतला सगळ्यात जुना. शेत मुलांच्या हाती दिलं, गुडघे गेले, पण रविवारी त्या खुर्चीत बसला की गडी ताठ. आणि त्याच्याच डोक्यातून गेल्या हिवाळ्यापासून चाली निसटायला लागल्या होत्या. हे ठाऊक फक्त त्याच्या बायकोला, जस्टिनाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिनं कुठे ब्र काढला नव्हता. दर शनिवारी दुमजली पावांचं, म्हणजे मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा डोक्यासारखा बसवलेल्या पावांचं, पीठ मळता मळता ती चाल गुणगुणायची, आणि तो ती उद्यापुरती धरून ठेवायचा. खुर्ची गेली तर हा माणूस पुढचा हिवाळा काढणार नाही, अशी तिला धास्तीच होती.

सुगीच्या आभाराच्या रविवारी चर्च गच्च भरलं. गारपिटीआधी गहू घरात आला होता, लोक खुशीत होते. डीडरिकनं गाण्याचा आकडा सांगितला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. शेजारचे गायक मान खाली घालून बसले, कारण दुसऱ्यानं निवडलेलं गाणं उचलणं म्हणजे त्याला खुर्चीतून उठवणंच. नवऱ्याचे लालेलाल झालेले कान जस्टिनाला पार मागच्या बाकावरून दिसत होते.

मग त्या बाईनं काय करावं? चक्क गाणं उचललं. बायकांच्या बाजूनं, बसल्या जागेवरून, कापऱ्या पण पक्क्या सुरात. एकही मान वळली नाही, हो. याला म्हणतात माणसं. दुसऱ्या ओळीला अख्खं चर्च तिच्या मागून गात होतं, आणि डोळे पुसत डीडरिकसुद्धा.

दुपारच्या कॉफीला नेहमीच्या रिवाजानं न बोलावता पाहुणा आला, आणि तो नेमका बर्नहार्ड. झालं, जस्टिनाला वाटलं, आता खुर्ची जाणार, वर आपली कानउघाडणी. बर्नहार्डनं पाव कॉफीत बुडवला, एकाही पावाचं डोकं कललं नाही म्हणून वाखाणणी केली, रस्त्यातल्या चिखलाला नावं ठेवली. शेवटी डीडरिकलाच राहवेना.

"बर्नहार्ड, चाली आठवत नाहीत रे मला. खुर्ची दुसऱ्या कुणाला दे."

बर्नहार्डनं सावकाश घास गिळला. "आजचं गाणं निवडलं कुणी?"

"मीच."

"चांगलं निवडलंस. पुढच्या रविवारीही तूच निवड." मग तो जस्टिनाकडे वळला. "आणि वहिनी, तुम्ही फार मागे बसता. सूर यायला उशीर होतो. पुढच्या बाकावर थोडं सरकून बस म्हणून आमच्या हिला, मार्थाला, सांगून आलोय मी."

जस्टिना कॉफी ओतत होती, ती ओततच राहिली. कप भरला, बशी भरली, मेजावर ओघळ आला.

"अगं, पुरे," डीडरिक म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी हसला.